कोरडं गाव

कागदोपत्री या शहरात कोणी पीतच नाही.
मग सोडायची जागा
विचारायची तरी कोणाला?
औषधवाला भावजयीच्या माहेरचा.
डॉक्टर म्हणाले, बेन, ॲसिडिटी आहे,
रात्रीचं दही बंद करा.

दांडिया बाजारात माझं पिको-फॉलचं मशीन.
काठाला फॉल लावताना हात थरथरायचा,
गिऱ्हाईक म्हणायचं, आत्या, चष्मा बदला.
मी दोनदा बदलला.

माल आणायचा रणछोड,
मंगळवारी आणि शनिवारी, मेथीच्या जुडीखाली.
मेथी मी खरोखर निवडायची,
ठेपले लाटून शेजारी वाटायची;
गल्लीत नाव होतं माझ्या ठेपल्यांचं.
दिवा लावून झाला की ताकाचा पेला:
आधी वेलदोडा, मग घोट, मग पुन्हा वेलदोडा.

एका मंगळवारी नुसतीच मेथी आली.
मिसरूड न फुटलेला एक पोरगा म्हणाला,
"काकाए धंधो मूकी दीधो.
हवे मीटिंगमां जाय छे."
मला वाटलं, राजकारणात शिरला.

जुडीच्या दोऱ्यात एक चिठ्ठी अडकवलेली:
फतेहगंज, चर्चच्या मागे, दुसरा माळा, गुरुवार, सहा.
ती मी सुयांच्या डबीत ठेवली.
पाच महिने.
सुई काढताना बोटाला लागायची.
या पाच महिन्यांत दुसरा माल देणारा सापडला,
तेही सांगायला हवं.

पहिल्यांदा गेले तेव्हा खाली गरब्याची तालीम चाललेली.
पोरींनी मला ओळीत ओढलं, दोन फेऱ्या घातल्या,
परत आले.
दुसऱ्यांदा वरपर्यंत पोचले;
आतून हसण्याचा आवाज आला.
हसतात? तिथे हसतात?
त्याचाच राग येऊन जिना उतरले.

तिसऱ्या गुरुवारी रिक्षा पुलावर अडकली.
खाली विश्वामित्रीच्या गाळात मगर,
तोंड उघडं टाकून निवांत.
सगळ्या शहराला माहीत असते ती,
आणि काठावर घरं असलेली माणसं
तिला टाळून कपडे वाळत घालतात.
रिक्षावाला म्हणाला, कशु नथी करती.
मी म्हटलं, हो, मीही असंच म्हणायची.

मंडपवाल्याच्या खुर्च्या, पाठीवर त्याचा फोन नंबर.
अकरा पुरुष. मॅकवान सर घड्याळ बघत होते.
आणि चहाच्या किटलीपाशी रणछोड.
त्याने मला आयुष्यात पाहिलंच नव्हतं.
"बेसो, बेन," म्हणाला,
कप दोन्ही हातांनी दिला,
कारण माझा एक हात पुरणार नव्हता
हे त्याला माहीत होतं.

त्याची पाळी आली तेव्हा तो जमिनीशी बोलला.
बेचाळीस घरांच्या बेल दाबल्या मी, म्हणाला.
स्वतः प्यायलो त्याचा हिशोब लागतो,
त्या बेलचा लागत नाही.
मी मनात मोजत बसले,
आमच्या गल्लीतली कुठली कुठली.

मग सगळे माझ्याकडे बघेनात,
म्हणजे पाळी माझी.
जन्म या गावात गेला, भाजीवाल्याशी,
बँकेत, नळवाल्याशी गुजरातीच बोलते,
स्वप्नातही कधीकधी.
पण तेव्हा एक शब्द येईना.
मी नलिनी, म्हटलं, आणि मी पिते.
मराठीत.
त्यापुढे काय काय बोलले आठवत नाही,
नवऱ्याच्या तेराव्याला पेल्यात काय होतं तेही बोलले बहुतेक.
निम्म्यांना निम्मं कळलं नसेल.
कोणी चष्मा बदला म्हणालं नाही.

आज एकशे एकोणीस.
मधे एकदा सहासष्टवरून शून्यावर आले होते,
तेव्हाही खुर्ची तीच मिळाली, पाय थोडा डुगडुगणारी.

गुरुवारी दुकानावर पाटी लावते: सत्संगाला गेले.
ताकाच्या पेल्यात आता ताक असतं,
आंबट लागतं.
मेथी येते अजून, बाजारातून मीच आणते.
शेजारीण म्हणते, आत्या, रागावू नका,
हल्ली ठेपले पूर्वीसारखे होत नाहीत तुमचे.

नसतील.