अर्धा क्षण आधी

चाळीस वर्षं मी चीजची चाकं ठोकून ऐकली.
पार्मापासून सायकलीच्या अंतरावर, फळ्याफळ्यांच्या थंड कोठारात,
हातात छोटा पोलादी हातोडा
आणि कान चाकाला टेकवलेला, जसा एखादा होऊ घातलेला बाप
बायकोच्या पोटाला टेकवतो.
भरीव असलं की ते एका शब्दात सांगतं.
आत भेग असली की अडखळतं.
खोटं बोलणारं चाक मला अजून भेटलेलं नाही.
माणसांबद्दल असं म्हणवत नाही,
टेनरांबद्दल तर नाहीच नाही.

म्हणून इल्दे मला गुरुवारी बोलावते.
तिसरा मजला. खाली जोडे सांधणारा. बाहेर धुकं इतकं
की समोरच्या घंटाघराचा नुसता आवाज उरलेला.
ऑपेरा एकच, चौथा अंक, तुरुंगाचा प्रवेश.
रेकॉर्डिंगं तीन.

पहिलं एकसष्ट सालचं, स्टुडिओतलं.
टेनर गातो जसा कुणी रेशमाचा तागा
टेबलावर उलगडत चाललाय आणि टेबल संपतच नाही.
"भरीव," मी म्हणालो.
"हा दमत कसा नाही?" इल्दे म्हणाली,
"तीन अंक तलवार घेऊन धावलाय ना?"
बरोबर होतं. हा आत्ताच कॉफी पिऊन आला होता.

दुसरं त्रेपन्नचं, आमच्याच थिएटरातलं, रेडिओवरून उतरवलेलं.
तबकडीला चरे, खुर्च्यांची करकर,
त्या जानेवारीत सगळं गाव खोकत होतं, ते सगळं.
आणि टेनर फाल्केरी, अंगात ताप,
"आई" या शब्दावर सूर टेकवताना
बर्फावरून पाय सटकल्यासारखा,
तरी उभा राहिलेला.
चाक असतं तर मी बाजूला काढलं असतं, किसून विकायला.
"त्याला नको ऐकूस," इल्दे म्हणाली.
"त्याच्या आधी ऐक."

सुई मागे.
मग लागलं कानाला:
प्रत्येक ओळीच्या अर्धा क्षण आधी
एक कोरडा, घाईचा, बिनसुराचा आवाज
बाजारात भाव सांगावा तसा
"आई" म्हणतो, "पहाट" म्हणतो, "क्षमा कर" म्हणतो,
आणि तेच शब्द मागाहून
भट्टीतून काढल्यासारखे लाल होऊन येतात.
रंगमंचाच्या कडेला, मधोमध, छातीइतक्या खड्ड्यात
प्रॉम्प्टर.
"बाबा," इल्दे म्हणाली आणि आवाज वाढवला.

बावीस हंगाम त्या खड्ड्यात. पाहिलं काय,
तर राजांचे बूट, राण्यांच्या झालरी.
घरी यायचे ते केसांत धूळ घेऊन.
जेवताना वाक्य सुरू करायचे आणि सोडून द्यायचे;
पुढचं कुणीतरी म्हणेल, अशी सवय.
त्यांचा आवाज असा एवढाच आहे जगात,
दुसऱ्याच्या गाण्याच्या अलीकडे.

तिसरं भाच्याने मिलानहून आणलं, नव्या डबीत.
त्रेपन्नचंच, पण धुऊन-पुसून.
चरे गेले, खोकला गेला, करकर गेली.
फाल्केरीचा श्वाससुद्धा आता ऐकू येतो,
ती भेगही कशी, सोन्याच्या तारेसारखी.
मी नकळत पुढे सरकून बसलो.
"आई"च्या आधी
काही नव्हतं.
"पहाट"च्या आधी
इस्त्री केलेली शांतता.
कुणीतरी, चांगल्या मनानेच असेल,
त्यांना खुर्च्यांच्या करकरीत धरलं होतं.

"ठोकून बघ," ती म्हणाली. "शिक्का मारशील?"

मी कारागीर माणूस. पुष्कळ वेळ खिडकीकडे पाहिलं.
चाक निर्दोष होतं.
"मारला असता," मी म्हणालो.

तिने ते बंद नाही केलं.
आत रस्सा उतू चालला होता. ती उठली,
फडकं शोधत दारापर्यंत गेली,
आणि पाठमोरीच, भाव सांगावा तशी
"पहाट" म्हणाली.
टेनरने ऐकलं.