पावती

कंपनीचं पत्र गुरुवारी आलं.
'प्रिय खेळाडू,'
(एकतीस वर्षं खाणीच्या पिंजऱ्यातून माणसं खालीवर केली,
खेळाडू मला कुणी म्हटलं नव्हतं)
'एकतीस मार्चच्या मध्यरात्री नदी बंद होईल.'

नदी बंद होईल.
नळ बंद करावा तसं.

त्या नदीवर माझी पाणचक्की आहे.
मार्ता गेली त्या हिवाळ्यात बांधायला घेतली,
पडद्यावर, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत.
खेळाचे पैसे मोजले,
चाकाच्या ओकच्या फळ्यांचे वेगळे,
बदकांचे आणखी वेगळे.

होनोराटाने चष्मा कपाळावर सरकवून
अटी वाचल्या, चौदा पानं.
"बाबा, तुम्ही नदी घेतलीच नव्हती.
काठावर बसायची मुभा घेतली होती."
"आणि फळ्या?"
"फळ्यांकडे बघायची."

बटणावर 'विकत घ्या' लिहिलं होतं.
'आमची मर्जी असेतोवर वापरा' असं बटण
दाबल्याचं मला आठवत नाही.
कूळ म्हणावं,
तर कुळालाही कसण्याचा हक्क असतो.
भाडेकरू म्हणावं,
तर घरमालक निदान दारात येऊन खाकरतो.

वरच्या मजल्यावरचा तिमोन आला, वय सोळा,
हातात पेनड्राइव्ह.
एक दमडी न देता त्याच्याकडे अख्खी नदी आहे,
कुलूप तोडलेली.
तिला सर्व्हर लागत नाही, मध्यरात्र होत नाही.
"घ्या ना काका. तुम्ही तर पैसे भरलेत.
तुमचंच तुम्हाला परत."

किती सरळ बोलतो.
मीही असाच बोलायचो.

एकोणीसशे ब्याण्णव, कातोवित्से.
शाळेच्या व्यायामशाळेत रविवारचा बाजार.
दोरखंड वर बांधून ठेवलेले, खाली आमची टेबलं,
टेबलांवर कॅसेटी, नक्कल केलेल्या,
वेष्टणांवर माझं गिचमिड अक्षर.
तेव्हा तसा कायदाच नव्हता,
आणि कायदा नाही म्हणजे चोरी नाही
असं आमचं चोख गणित.

एक माणूस आला. तपकिरी कोट, कोपराला ठिगळ.
एक कॅसेट उचलली, उलटीसुलटी केली,
किंमत विचारली.
बारा हजार झ्वॉती, तेव्हाचे.
घासाघीस केली नाही, नोटा एकेक करून ठेवल्या
आणि म्हणाला,
"पावती मिळेल?"

सगळी रांग हसली. सगळ्यात मोठ्याने मी.

संध्याकाळी टेबलं आवरताना शेजारचा म्हणाला,
"ओळखलं नाहीस? एउस्ताखी वीलचेक.
तो खेळ त्यानेच लिहिलाय."

त्याने पुन्हा खेळ लिहिला नाही.
माझ्यामुळेच, असं म्हणता येत नाही.
माझ्यामुळे नाहीच,
असंही नाही म्हणता येत.

तेव्हापासून फुकट काही घेतलं नाही मी.
दोनशे बारा पावत्या आहेत फोल्डरमध्ये, तारीखवार.
त्यातले एकेचाळीस खेळ आता उघडत नाहीत.
पावत्या उघडतात.

काल माळ्यावरून ती कॅसेट काढली.
खपली नव्हती तेवढी एक.
पेन्सिल घालून सैल फीत गुंडाळली.
चार मिनिटं किरकिर, रंगीत पट्टे,
मग एक बेढब जहाज
आणि तळाशी, तीन अक्षरं तुटलेलं,
त्याचं नाव.

ज्याला मी लुटलं तो माझ्याकडे शाबूत आहे.
ज्यांना मी पैसे दिले
ते निघालेत नदी घेऊन.

याचा अर्थ काय, तिमोन विचारतो.
मला विचारू नकोस, म्हटलं. चहा घे.

पेनड्राइव्ह टेबलावर आहे. शेजारी कॅसेट.
होनोराटाच्या जुन्या वहीचं पान फाडून
मी लिहायला बसलोय:
'श्री. एउस्ताखी वीलचेक यांजकडून
रोख बारा हजार मिळाले,
एका खेळाबद्दल.'
खाली लिहिलं, 'मालकाची सही',
आणि पेन तिथेच अडलं.

सव्वादहा झालेत.
चक्की फिरतेय.
बदकं, त्यांना कुणी पत्र पाठवलेलं नाही,
काठाकडे येताहेत, दाण्यासाठी.