मांडाबाहेर

फर्मागुडीच्या लॅबमध्ये आज
पियेदाद कुलासो यांनी बस-बार काढून टाकला.
तांब्याच्या तीन पट्ट्या, भिंतीला टेकवून उभ्या.
"मशीन थेट कन्व्हर्टरला. मधे कोण नको."
मी नट आवळत होतो.
मला मधे कोणीतरी हवं होतं.

आमच्या सावईवेऱ्यात शिगम्याला मांडावर
पाच वाड्यांचे ढोल उतरतात.
एखाद्याचा हात पुढे पळाला
की बाकीचे चार त्याला ओढून आणतात.
ग्रिड म्हणजे तेच. पन्नास म्हणजे पन्नास,
एकोणपन्नासला भुवया वर.

हे मशीन आता मांडाबाहेर.
डिझेल इंजिनाचा वेग मी उतरवत गेलो:
अठ्ठेचाळीस, शेहेचाळीस, साडेत्रेचाळीस.
कोणी ओरडलं नाही.
"पाणी कमी तर फिरणं कमी," कुलासो म्हणाले,
जणू समोर धरणाखालचं टर्बाइनच आहे.
मग, मीटरकडेच बघत,
"घरी मीही आता कधीही जेवतो.
कधी चारला. कधी राहूनच जातं."

बस-बारबरोबर फिल्टरही गेले.
स्टार आणि डेल्टा एकमेकांची पाचवी-सातवी मिटवतात;
अकरावी उरते, तेरावी उरते,
ती जाणार कुठे? मशीनच्याच अंगात.
रोटरला दोन्ही मिळून बारावी ऐकू येते,
एकच, बारीक, न थांबणारी.
मी आवरणावर तळहात ठेवला.
तीन मोजेपर्यंत ठेवता आला.

साडेसहाला बाहेर वीज गेली.
हॉस्टेलवर आरडाओरड, मग हशा.
आत एवढं मशीन फिरत होतं, मागच्या खोलीत
लोडच्या जाळ्या लालबुंद,
आणि चहाची किटली लावायला एक प्लग नव्हता.
दूर पाठवायची वीज.
दाराशी काळोख.

"बंद करूया?" मी ब्रेकरकडे हात नेला.
"तसं नाही रे."
एसी सेकंदाला सत्त्याऐंशीदा शून्यातून जातो,
तोडायला तेवढ्या फटी.
डीसीला शून्य नाही. मधेच तोडलात तर
तो हवेतून चालत येतो.
त्यांनी फायरिंगचा नॉब धरला
आणि एकेक अंश उशीर वाढवत
त्याला मागे, आणखी मागे आणला.
अकरा मिनिटं लागली असतील. कोणी बोललं नाही.

इंजिन थांबल्यावर कानात बारावी राहिली.
"पट्ट्या भंगारात टाकू?" मी विचारलं.
मोबाइलच्या उजेडात त्यांनी एक उचलली,
बोल्टच्या भोकातून पलीकडे बघितलं.
"असू दे," म्हणाले, "उद्या बघू."