रकाना सतरावा

बढतीच्या फॉर्मात रकाना सतरावा :
तुमच्या संशोधनाचा आजवर किती जणांनी उल्लेख केला?
पानसे मॅडम चष्मा पुसतात. लिहितात : तीन.
मग राहवत नाही म्हणून, बारीक अक्षरात :
त्यातले दोन माझेच.

अठ्ठ्याण्णव साल. कसब्यातले बेचाळीस तांबट.
घागरीवर घाव घालता घालता
आधी चिमणी गेली कानातून,
मग कुकरची शिट्टी,
मग नातीचं हळू बोलणं.

तिसरा उल्लेख ट्युनिसच्या कुणाचा तरी.
आडनाव चुकवलंय : पनासे.

फॉर्म ऑफिसात देऊन
त्या तांबट आळीतून घरी निघतात.
वळणावरच कुणीतरी ओरडतं, "बाई आल्या!"
हातोडे थांबतात, एकेक करत.
घाईघाईनं
कानात कापूस कोंबला जातो.

मग पुन्हा ठणठण.