एक मिनिट गप्प

ताडीवाला रोडला, नाल्याच्या अंगाला
दोन खुर्च्यांचं माझं सलून.
तिसरी प्लास्टिकची. तिच्यावर पेपर असायचा,
आता मशीन असतं.

पालिकेच्या दवाखान्यातल्या वैजयंतीताईंनी ठेवलं.
म्हणाल्या, आमच्याकडे बाया येतात, पोरं येतात,
पुरुष येतात ते थेट स्ट्रेचरवर.
तुमच्याकडे मात्र महिन्याला, न चुकता.
मी म्हटलं, ताई, मी दहावी नापास.
म्हणाल्या, उधारी लिहिता ना?

मग तीच वही उलटीकडून सुरू केली.
पुढून उधारी, मागून बीपी.
पहिल्याच आठवड्यात स्टेशनवरचा हमाल, यादवराव,
वही उलटी धरून भडकला:
एकशे साठ? अरे दोन दाढ्या अन् एक कटिंग,
एवढे झाले कसे?
हसता हसता गिऱ्हाइकाचा कल्ला वाकडा गेला माझ्या हातनं.

नियम साधे. पाठ टेकायची, पाय जमिनीवर,
अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू बंद,
आणि पट्टा फुगून उतरेस्तोवर बोलायचं नाही.
हा शेवटचा सलूनात कोण पाळणार?
इथं माणूस डोक्यावर पाणी मारायच्या आत
सरकार पाडतो.
पण पाळतात.
मशीन घुरघुरतं, त्या मिनिटात
स्टेशनवरची बाई ऐकू येते,
कुठली तरी गाडी उशिरानं धावत असते.
पट्टा सैल झाला की मग
माणूस भलतंच काही बोलतो.
झोप येत नाही, म्हणतो.
लेकीचं सांगतो.
रात्री छातीवर कोणी बसतं, म्हणतो, आणि आरशात बघत नाही.
मी औषधाचं बोलत नाही, ते माझं काम नाही.
चिठ्ठीवर आकडा लिहून ताईंकडे धाडतो:
मंगळवारी, दहाच्या आत, रांग कमी असते.

मुरलीधर ओव्हाळ मात्र बसेना.
ड्रेनेज खात्यातला गडी.
म्हणे, मला काय धाड भरलीय, नुसती दाढी कर.
फेस लावला. मान मागं टाकली त्यानं, डोळे मिटले.
गळ्याची शीर ब्लेडखाली
मासोळीसारखी उडत होती.
मी हात थांबवला.
मुरल्या, गळ्यावर पातं चालतं माझं,
दंडावर कापड चालत नाही?
पैसे ठेवले, गेला.
पुढं तीन आठवडे दाढी वाढवून फिरत होता बस्तीतून,
दुसऱ्या दुकानात काही गेला नाही.

आमचा आजा गावात होता तेव्हा
गावचा न्हावी म्हशी भादरायचा,
आमच्या डोक्याला हात लावत नव्हता.
आजा अन् त्याचा भाऊ ओढ्याकडेला बसायचे,
एकच कात्री, तीही बोथट,
आधी तू माझे, मग मी तुझे.
कुठं टक्कल, कुठं झुपका राहायचा.
बाप हे हसत सांगायचा. मला हसू यायचं नाही.
त्यापायी मी हे काम शिकलो की पोटापायी,
आता आठवत नाही.

काल रात्री शटर अर्धं ओढलेलं,
खालून दोन गमबूट दिसले.
वाकून आत आला मुरल्या,
प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, बाही वर केलेलीच होती.
आकडा आला. मोठ्यानं नाही वाचला.
लिहिला, आणि म्हटलं, मंगळवारची वाट नको बघायला,
सकाळी जाऊ, मी येतो, दुकान अकराला उघडेन.

तो वही चाळत होता.
तुझा किती?

दोन वर्षं झाली मशीनला.
वहीत माझं पान नाही.

त्यानं पट्टा घेतला, उलटा बांधला,
सोडला, पुन्हा बांधला.
नखांत काळं, बोटं जाड,
आणि दंडाला लागतील तर शपथ.
मी सांगायला गेलो, आता हे बटण—

शू, म्हणाला मुरल्या.
बोलायचं नाही.