टाकी क्रमांक तीन

मळीचं पाणी नळातून गरमच येतं,
काहिलीच्या बुडाला लागलेल्या काकवीसारखं काळं.
माझ्या आधीच्या माणसाच्या वेळी ते ओढ्यात सुटायचं.
आता माझ्याकडे येतं, रात्रपाळीला,
संकेश्वरच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये.

गाळ भरमू हुंदऱ्यानं आणला. तीन बादल्या :
एक डेअरीच्या गटारातून,
एक निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीमागून,
तिसरी, कुणी न सांगता, त्याच्या म्हशीच्या डबक्यातून.
"असू देत की वो मॅडम, तीबी राबतील."

कोण कोण आहेत आत, मला माहीत नाही.
काही दांडे, काही ठिपके, काही एकमेकांच्या गळ्यात.
एक तास खायला घालायचं, अकरा तास काहीच नाही.
पुन्हा एक तास.
मिळालं की लगेच वाढत सुटणारे
चौथ्या-पाचव्या दिवशी दिसेनासे होतात.
थोडं कनवटीला लावणारे राहतात.
निंगव्वा झाडता झाडता म्हणाली,
"हसिवु गोत्तिद्दवरु उळीतारी."
भरमूनं मला त्याचं मराठी केलं,
आणि त्यात स्वतःची दोन वाक्यं घातली.

निळा रंग टाकून भिंगाखाली धरलं
की त्यांच्या पोटातले दाणे नारिंगी पेटतात.
हेच ते. हेच वाळवून, काढून, पातळ पसरायचं.

बेंगळूरहून फॉर्म आला आहे.
"जिवाणूचे नाव", पुढे एकच चौकोन.
फोनवरचे साहेब विचारत होते, शुद्ध का नाही ठेवत?
शुद्ध ठेवायचं तर सगळं उकळायला लागेल, साहेब.
माझ्या टाकीचं झाकण बसत नाही.
काल त्यात पाकोळी पडली होती.
मार्चमध्ये नऊ तास वीज नव्हती, हवा बंद,
सकाळी शेडमध्ये उभं राहवत नव्हतं.
मी पायरीवर बसून रडले, खोटं कशाला सांगू.
भरमू काही बोलला नाही.
बादल्या घेऊन सायकलवर निघाला.

या खेपेला जमलं. पापडासारखा पिवळसर कागद,
त्याच्या रोपांसाठी पिशव्या. एक पिशवी
निंगव्वानं कढीपत्त्याखाली पुरली,
तारेनं जस्ताचा बिल्ला बांधून, नंबर नऊ.

सात आठवडे.
आज उकरलं. आधी तार लागली, मग बिल्ला.
निंगव्वानं मातीत पाची बोटं फिरवली,
माझ्याकडे बघितलं, जणू तिच्याच हातून काही हरवलं :
"एनू इल्लरी."
काहीच नाही!
मी तिचे मातीचे हात धरले तर ती बावरली.

भरमूला अजून पटलेलं नाही.
"उंदरानं नेलं असंल," म्हणतो,
आणि अजून खोल खणूलालाय.