ट्रान्सक्रिप्ट

त्याच्या फायलीत माझ्या अक्षरात सहा तारखा आहेत.
पहिली ऑगस्टमधली, सोमवारची.
खिडकीबाहेर धान्याच्या उंच कोठारावर कबुतरं,
आणि वाऱ्यावर कत्तलखान्याचा वास.
आम्हा कॅन्ससवाल्यांना त्याची सवय आहे, नव्या मुलांना नसते.
त्याने नाक झाकलं नाही. सही केली.
टेव्हिन टिलरी. पाइन ब्लफ, आर्कान्सा. सहा फूट सात.

सही होताच पाच वर्षांचं एक घड्याळ सुरू होतं,
हे मी सांगायला हवं होतं.
सव्वीस वर्षांत कोणालाच सांगितलेलं नाही.
रांग मोठी असते. पेन बांधलेलं असतं. पुढचा मुलगा उभा असतो.

मैदानावरचं घड्याळ शिट्टी वाजली की थांबतं.
बॉल रेषेबाहेर गेला, कोणी पडलं, कोचने हात उंचावला,
थांबतं.
हे थांबत नाही.
घोटा मोडून तो आठ महिने कुबड्यांवर होता, हे चालत होतं.
आईच्या डायलिसिससाठी एक सत्र घरी राहिला,
टायरच्या दुकानात नट आवळत,
तिथेही, त्या जॅकखाली, चालत होतं.

आता मोठ्या विद्यापीठाला तो हवा आहे.
तिथले मिस्टर ब्रँट फोनवर फार मऊ बोलतात.
म्हणतात, मिसेस डीट्झ, मुलगा गुणी आहे,
पण तुमच्या छोट्या कॉलेजातलं सगळंच काही आमच्याकडे चालत नाही.
घोटा एक वर्ष खाऊन बसलाय, त्याचे कागद वर पाठवलेत.
आणि गणिताचे तीन क्रेडिट कमी.
घोडं तिथेच अडलंय.
भूशास्त्राचे चार आहेत ना, मी म्हटलं.
ते ‘इतर’मध्ये जातील, ते म्हणाले.

सरावानंतर तो काउंटरपाशी येतो,
गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली,
फरशीवर थेंब.
मॅम, माझं किती उरलंय?

अगदी याच शब्दांत माझ्या वडिलांनी डॉक्टरना विचारलं होतं.
डॉक्टर खरं बोलले होते.
मी म्हणते, फॅक्स आलेला नाही.

मग तो जात नाही. काउंटरवर कोपर टेकून म्हणतो,
तुमच्या या टेबलाच्या जागी समुद्र होता, ठाऊक आहे?
आठ कोटी वर्षांपूर्वी.
खडूच्या कड्यात शार्कचे दात सापडतात, सरांनी नेलं होतं आम्हाला.
मी याच गावात जन्मले. साठ वर्षं झाली.
समुद्र अजून पाहिलेला नाही,
आणि रोज त्याच्या तळाशी बसून शिक्के मारते.
भूशास्त्रात त्याला बी मिळाला होता.
इतर.

गुरुवारी पत्र आलं.
घोट्याचं वर्ष माफ. आईचं सत्र नाही,
कारण त्याला कागद नव्हता,
टायरवाल्याकडे कुठला कागद असणार.
शिल्लक: एक मोसम.
तोही जानेवारीपासून, त्याआधी गणित सुटलं तर.

त्याने बोटांवर मोजलं.
अठरा मॅच, म्हणाला. नऊ त्यांच्या मैदानावर.
मोजण्यात चूक नव्हती. हे गणित कुठे लिहायचं,
असा रकाना माझ्याकडे नाही.
विद्यापीठाचे कोच दोन आठवडे फोन उचलत नाहीत,
हे त्याने जाता जाता सांगितलं, बर्फाबद्दल बोलावं तसं.
शिकागोचा कुणी अठरा वर्षांचा मुलगा त्यांनी पाहिलाय म्हणे.
त्याचं घड्याळ अजून कोरं.

ट्रान्सक्रिप्टची प्रत, सीलबंद, दोन डॉलर.
मी घेतले. नियम आहे.
त्यातलं एक नाणं ओलं होतं.

साडेपाचला दिवे मालवताना
भिंतीपलीकडच्या जिममध्ये बॉल आपटत होता,
एकच, एका लयीत.
मग थांबला.
मी हातातली किल्ली तशीच धरून उभी.

पुन्हा सुरू झाला.